पिट्युटरीचं नाकातून ऑपरेशन: शस्त्रक्रिया उत्तम, डिस्चार्जचा कागद अपुरा

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन बनवणारी छोटी ग्रंथी. तिच्या गाठीचं दुर्बिणीने होणारं ऑपरेशन मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आता सहज मिळतं. ईएनटी सर्जन आणि न्यूरोसर्जन मिळून ते करतात. ४ मिलिमीटरची दुर्बीण नाकातून स्फेनॉइड सायनसमध्ये, म्हणजे नाकामागच्या हाडातल्या पोकळीत जाते, मागचं पातळ हाड घासलं की ग्रंथीच नजरेसमोर येते. या भागाला पाचपैकी साडेचार. नेव्हिगेशन (अवजार नेमकं कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारी यंत्रणा) आणि पाडलेलं भोक पोटाची चरबी लावून बुजवायची दुरुस्ती पॅकेजमध्ये धरली आहे का, हे मात्र आधी लेखी घ्या.

प्रोलॅक्टिन (पिट्युटरीतलं, दूध आणणारं हार्मोन) न तपासता ऑपरेशनची तारीख देणारं रुग्णालय सरळ सोडा. प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे हेच हार्मोन बनवणारी गाठ असेल तर बहुतेकांची गाठ कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसते. गाठ प्रचंड आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं, असं दिसलं तर तोच नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगा. हार्मोन फार जास्त असलं की काही यंत्रं फसतात आणि आकडा कमी दाखवतात. सकाळी ८ चं कॉर्टिसॉल, फ्री टी४ (थायरॉइडसाठी), आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनसाठी) या रक्ततपासण्या आणि पेरिमेट्री, म्हणजे नजरेचा आवाका मोजणं, हेही आधीच व्हायला हवं. परळच्या केईएमसारखा एंडोक्रिनॉलॉजीचा (हार्मोनच्या विकारांचा) स्वतंत्र विभाग असेल तिथे हे विचारावं लागू नये.

खरी ढिलाई घरी सोडताना. तिला अडीचच.

सगळं सुरळीत असलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, आणि रक्तातलं सोडियम घसरतं साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात. दुखावलेल्या भागातून एडीएच हे लघवी कमी करणारं हार्मोन अवेळी सुटतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सुस्तावतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, आणि पाणी पाजत राहतात. त्याने सोडियम आणखी उतरतं, थेट फिट येण्यापर्यंत. म्हणून कागदावर ‘सातव्या दिवशी सोडियम’ हे शब्द आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर हवाच. पाणी दिवसाला एक-दीड लिटरवर आणायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. कारण उलट प्रकारही होतो: पाण्यासारखी फिकट लघवी सतत, न भागणारी तहान. तिथे पाणी तोडलं तर घात होतो, औषध डेस्मोप्रेसिन.

पुढे वाकल्यावर नाकातून खारट, नितळ पाणी ठिबकलं तर ती सर्दी नव्हे, मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. त्याच दिवशी परत जा. उशीर झाला तर मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला संसर्ग होण्याचा धोका. नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडं ठेवून द्या, बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्या.

हायड्रोकॉर्टिसोन (कमी पडणाऱ्या कॉर्टिसॉलची भरपाई करणारी गोळी) चालू असेल तर तापात डोस दुप्पट करायचा आणि गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन, हे लिहिलेलं कार्ड पाकिटात असावं. बऱ्याच डिस्चार्ज फाइलींत ते नसतंच. पहिला एमआरआय साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी सूज आणि भरलेली चरबी यांत उरलेली गाठ ओळखणं अवघड. महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला गाठा.