जुन्या बँकेची इमारत : बांधकाम भक्कम, देखभाल बेताची

मराठवाड्यातील आमच्या लहानशा शहरात मोंढ्याच्या रस्त्यावर निजामी राजवटीत बँकेसाठीच बांधलेली एक दगडी इमारत असून, तिथे आज वेगळ्याच एका बँकेची शाखा भाड्याने चालते. व्यवहारासाठी तिथे जावेच लागते. पण जुन्या बांधकामाची आवड असणाऱ्याने खाते नसले तरी एकदा आत डोकावावे.

काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या या भिंती इतक्या रुंद आहेत, की वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असतानाही उंच छताच्या दालनात पंख्यावर भागते. रोखपालाच्या जागी जुने सागवानी काउंटर अजून टिकून आहे. त्याची आतली कड मधोमध खोलगट झिजली आहे. नाणी मोजून सरकवण्याच्या काळातली ती खूण असावी. त्या काळी हैदराबाद संस्थानात निजामाचे हाली आणि ब्रिटिशांचे कलदार अशी दोन नाणी चालत आणि साधारण ७ हाली रुपयांना ६ कलदार रुपये मिळत, त्यामुळे बँकेत मोजदादीला तोटा नसे. हाली चलन सांभाळण्यासाठीच १९४१च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली.

तिजोरीच्या खोलीला खिडकी नाही आणि तिचे लोखंडी दार जाड आहे. अर्थात दारे कितीही जाड असली, तरी ३० जानेवारी १९४८ रोजी निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्यासाठी वापरला, हे इकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

खरी तक्रार अलीकडच्या दुरुस्तीबद्दल आहे. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. इथे तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट फासला आहे, त्यामुळे कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा म्हणजे क्षार चढून रंगाचे पापुद्रे सुटले आहेत. दर वर्षी पुन्हा तोच रंग दिला जातो, म्हणजे दुखणे राहते बाजूला आणि खर्च मात्र होतो. लोखंडी तुळयांवर पेललेले विटांच्या कमानींचे छत तर प्लास्टरच्या खोट्या छताआड गेले आहे. ते फक्त व्यवस्थापकांच्या खोलीत उघडे दिसते. वातानुकूलन यंत्रासाठी दर्शनी कमानीचा कोरीव दगड फोडणे मला अक्षम्य वाटते.

सेवेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर कर्मचारी सौजन्याने बोलतात, पासबुक छापणारे यंत्र बहुधा बंद असते आणि पीकविम्याचे पैसे जमा झाले की दालनात उभे राहायलाही जागा उरत नाही. इमारत पाहायची असेल तर दुपारच्या जेवणानंतर जावे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी व्यवस्थापकांना विचारावे. पुढच्या दगडी पायऱ्या उंच आहेत व त्यांना कठडा नाही, त्यामुळे नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांनी बाजूच्या बोळातील सपाट दाराने यावे. शिपायाला सांगितले की तो कडी काढतो.