स्वखर्चाने छापलेली कादंबरी आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस : काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात राहून स्वतः छापलेली मराठी कादंबरी ऑनलाइन विकायची, तर एकच साधन निवडा असं कुणी म्हटलं तर रोजच्या वापरानंतर उत्तर ठरलेलं आहे : व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. फेसबुकवर अभिनंदनं भरपूर मिळतात. पत्ता आणि पैसे इथे येतात.

त्यासाठी वेगळं सिम घ्या, कारण एका नंबरावर साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि बिझनेस दोन्ही चालत नाहीत. कॅटलॉगला मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आतलं एक पान एवढे फोटो पुरेत. किंमत टपालखर्च धरूनच लिहा. ‘पोस्टेज वेगळं’ वाचलं की माणूस ‘बघतो नंतर’ म्हणतो. चॅटना लावायची लेबलं चारच ठेवा : चौकशी, पैसे आले, पार्सल गेलं, वाचून झालं. शेवटचं लेबल सगळ्यांत मोलाचं. दुसऱ्या पुस्तकाचे पहिले वाचक त्यातच असतात.

खरी गोम ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या सोयीत आहे. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. बाकीच्यांना तो जात नाही, आणि मेसेज दाबून इन्फो बघितल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून चौकशीला पहिलं उत्तर देतानाच लिहा, ‘नंबर सेव्ह करून ठेवा, पहिलं प्रकरण पाठवतो.’ साहित्याच्या ग्रुपांतले नंबर उचलून लिस्ट फुगवू नका. लोक रिपोर्ट करतात, नंबर बंद होतो, आणि पुस्तकात छापलेला, थेट तुमची चॅट उघडणारा क्यूआरही त्याच्याबरोबर वाया जातो.

हा क्यूआर शेवटच्या पानावर हवाच. मात्र ॲपमधला तयार क्यूआर छापू नका. तो कधी रीसेट झाला की सगळ्या छापील प्रतींवरचा निकामी होतो. wa.me/91 आणि पुढे दहा आकडी नंबर, अशी साधी लिंक करून तिचा क्यूआर बनवा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी एक प्रत कितीतरी हातांतून जाते. त्यातला प्रत्येक वाचक पुस्तक मिटता मिटता तुमच्यापर्यंत येऊ शकतो, म्हणून वाचनालयाची प्रत ही फुकट गेलेली प्रत समजू नका.

उतारे टाकताना फॉन्ट नडतो. प्रेसची फाइल बहुधा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात असते. तिथला मजकूर उचलून चिकटवला की नुसती चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पुन्हा मुद्रितशोधन करा. ‘पूर्वार्ध’मधले रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात. वाचक ती चूक लेखकाच्याच नावावर लिहितो. पहिल्या प्रकरणाची पीडीएफ द्या, पूर्ण कादंबरीची कधीच नाही. ई-बुक केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत असेल तर ९० दिवस डिजिटल हक्क ॲमेझॉनकडेच राहतात आणि बाहेर नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंतच मजकूर देता येतो, हे पीडीएफ कापतानाच ध्यानात ठेवा.

फेसबुकची सशुल्क जाहिरात करायचीच तर लाइक्ससाठी नको, मेसेज येण्यासाठी करा. बिलावर १८ टक्के जीएसटी धरा. भाषेच्या खान्यात फक्त मराठी निवडू नका. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी आणि मराठी वाचणारी घरं आहेत, आणि बऱ्याच मराठी माणसांचा फोन इंग्रजीतच असतो.

पैसे यूपीआयने येतात. समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, खात्यात जमा दिसल्यावरच लेबल बदला.

पाठवायला ज्ञान पोस्ट. मे २०२५ पासून सुरू झालेल्या टपाल खात्याच्या या पुस्तकांसाठीच्या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, वर कर. हा हिशेब छपाईआधीच करायला हवा. डेमी आकार, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, २०० पानं म्हणजे कव्हरसकट साधारण २३० ग्रॅम; पॅकिंग धरूनही ३०० च्या आत. २४० पानांना पुस्तकच पावणेतीनशेच्या घरात जातं, आणि खाकी पुठ्ठा लावला की वरचा दर लागतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं; स्वतः प्रकाशक असाल तर तेच नाव टाका. पाकिटात दुसऱ्या धंद्याची जाहिरातपत्रकं कोंबू नका, ती चालत नाहीत. पार्सल जमिनीवरून जातं, त्यामुळे कोकणात किंवा विदर्भात पाठवताना उशीर लागेल असं आधीच सांगा आणि पावतीचा फोटो लगेच टाका. ट्रॅकिंग नंबर हाती असला की रोजचे ‘कुठवर आलं?’ निम्म्याने कमी होतात.