इंदुरात भिंतीवरचा नकाशा: खजुरी बाजारातला आणि स्वतः छापून घेतलेला

छापील नकाशा हवा असला की इंदूरकरांचे पाय खजुरी बाजाराकडे वळतात, आणि ते बरोबरच आहे. राजवाड्याजवळच्या या वह्या-पुस्तकांच्या बाजारात भारत, मध्य प्रदेश आणि जग हे तीन नकाशे हमखास मिळतात, हिंदीत नाहीतर इंग्रजीत. शाळांच्या हंगामात मात्र जाऊ नये. तेव्हा नकाशा उलगडून दाखवायला कोणाला फुरसत नसते, आणि न उलगडता घेतलेला नकाशा म्हणजे बंद डब्यातली मिठाई. "भिया, पूरा खोल के दिखाओ" म्हणायला लाजू नका.

उलगडला की आधी मध्य प्रदेशाकडे बघा. माल जुना आहे की नवा हे जिल्हेच सांगतात. मऊगंज, पांढुर्णा आणि मैहर हे तिन्ही जिल्हे २०२३ चे. ते असतील तर एकूण ५५ भरतात आणि नकाशा ताजा. निवाडी नसेल तर २०१८ च्या आधीचा, आगर-मालवा शाजापूरच्या पोटातच असेल तर २०१३ च्याही आधीचा. 'नर्मदापुरम'च्या जागी 'होशंगाबाद' छापलं असेल तरी माल जुनाच. नाव २०२२ मध्ये बदललं. भारताच्या नकाशात लडाख वेगळा हवा (२०१९), आणि दमण-दीव व दादरा-नगर हवेली एकाच रंगात हवेत (२०२०). कोपऱ्यात 'नवीन संस्करण' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. छपाईचा ठोकळा तोच ठेवून वरची ओळ बदलणं सोपं असतं, जिल्ह्यांच्या रेषा बदलणं कष्टाचं.

मग छपाई. नर्मदेच्या निळ्या रेषेवर नाक टेकवून बघा. निळी रेषा आणि जिल्ह्याची काळी रेषा जिथे बरोबर चालायला हव्यात तिथे त्यांच्यात फट दिसली, किंवा छोट्या गावांची नावं दुहेरी वाटली, तर छापताना रंग सरकलेत. तो नग बाजूला ठेवून त्याच गठ्ठ्यातला दुसरा मागा, बऱ्याचदा चांगला निघतो.

नुसता कागदी, लॅमिनेशन केलेला आणि वर-खाली पट्टी असलेला रोलरचा, असे प्रकार मिळतात. घरासाठी पट्टीचा घ्या. पट्टी कागदाला नुसत्या स्टेपलरच्या पिनांनी जोडली असेल तर मात्र नको. पावसाळ्यात पिना गंजतात आणि नकाशा त्याच रेषेवर फाटतो. लॅमिनेशनची कड कागदाच्या बाहेर थोडी तरी राहिलेली हवी. ती कागदालगत कापली असेल तर ओल आत शिरते आणि फुगे धरतात. घडी घातलेला नकाशा स्वस्त पडतो, पण घडीची रेघ लॅमिनेशननेही जात नाही. आणि पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळा. पिवळा-लाल आधी उडतो आणि वर्षा-दोन वर्षांत सगळा देश निळसर दिसायला लागतो.

महाराष्ट्राचा मराठी नकाशा हवा असेल तर इथे शोधत वेळ घालवू नका. पुण्याला कोणी जात असेल तर अप्पा बळवंत चौकातून नळीत घालून आणायला सांगा. पालघर (२०१४) धरून ३६ जिल्हे मोजून घ्यायला सांगायचं, बास.

आता जुने नकाशे. भेटवस्तूंच्या दुकानांत चहाच्या रंगाच्या कागदावर 'होळकर राज्य' किंवा 'मराठा साम्राज्य' असे शोभेचे नकाशे दिसतात. दिसायला छान, पण बहुतेक कामाचे नाहीत. होळकर संस्थान कधीच एकसंध तुकडा नव्हतं. इंदूर-महेश्वरचा भाग एकीकडे, रामपुरा-भानपुरा वर, आणि आलमपूर तर थेट ग्वाल्हेरच्या बाजूला तुटक. सगळं एका रंगात सलग दाखवलं असेल तर ते चित्र आहे, नकाशा नव्हे. मराठा साम्राज्याचंही तसंच: जिथे नुसती चौथाई वसूल व्हायची तो मुलूख आणि प्रत्यक्ष अंमलाखालचा मुलूख एकाच भगव्यात रंगवलेला असतो.

खरे जुने नकाशे फुकट मिळतात आणि घरबसल्या मिळतात. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत ब्रिटिशकालीन इम्पीरियल गॅझेटियरचा १९०९ चा ॲटलस आहे, १९३१ ची आवृत्तीही आहे. संस्थानांचे तुकडे त्यात नीट कळतात. डेव्हिड रम्झी या ऑनलाइन नकाशा-संग्रहातल्या प्रती सगळ्यात स्वच्छ. शोधताना आजची नावं टाकू नका. उज्जैन, नर्मदा, महू यांची इंग्रजांनी केलेली जुनी स्पेलिंगं टाका. टेक्सस विद्यापीठाच्या संग्रहात अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात काढलेले अडीच लाखाच्या स्केलचे नकाशे आहेत. इंदूर, महू आणि देवास एनएफ ४३-७ या पानावर येतात. उज्जैन त्याच्या वरच्या, एनएफ ४३-३ वर. आणि शहरापुरतं बघायचं असेल तर नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला दिलेला दोन खंडांचा नगररचना अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर मिळतो. खान आणि सरस्वती नद्यांच्या काठचं जुनं इंदूर समजून घ्यायला याहून चांगलं काही नाही. मूळ दस्तऐवजच हवेत तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर नाव नोंदवून शोधा. त्यांचं विभागीय कार्यालय भोपाळला आहे.

आजचा सविस्तर नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर पीडीएफमध्ये उतरवून घेता येतो. स्केल १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. इथे इंदूरकरांची एक पंचाईत आहे: शहर दोन पानांत कापलं गेलंय. २२ अंश ४५ मिनिटांची अक्षांशरेषा शहराच्या उत्तर भागातून जाते. राजवाडा आणि जुनं शहर ४६ एन/१४ क्रमांकाच्या पानावर, त्या रेषेच्या वरचं सगळं ४६ एन/१३ वर. एकच पान उतरवलं की नेमकं विजयनगरच्या आसपास शहर संपतं आणि लोकांना वाटतं फाइल अर्धवट आली.

छापायला फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका. बॅनर दहा फुटांवरून वाचायचा असतो, नकाशा एका फुटावरून. फ्लेक्सवर बारीक नावांचे ठिपके होतात. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर लोकांचे प्लॅन काढून देणारं प्लॉटरचं दुकान गाठा. रोल बहुधा ३६ इंची असतो. नेहमीचा ७५-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद भिंतीवर लाटा मारतो, म्हणून १७० च्या पुढचा मॅट कागद मागा. सर्वेक्षणाची पीडीएफ 'फिट टू पेज' न करता शंभर टक्क्यांवर काढायला सांगा. पट्टी सोबत न्या. चौकटीच्या आतला नकाशा साधारण ५५ सेंटिमीटर उंच आणि ५१ रुंद भरला पाहिजे. ५२ आणि ४८ भरला तर मशीनने तो आवळलाय. दुकानातच परत करा, बाहेर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

जुन्या नकाशाच्या चित्राचा हिशेब पिक्सेलमध्ये. भिंतीसाठी इंचाला १५० पिक्सेल पुरतात, म्हणजे ३६ इंच रुंदीला ५,४०० हवेत. ३,००० च्या खाली असेल तर १८-२० इंचांवरच थांबा. मोठा केला की गावांची नावं पुसट होतात. व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवायची वेळ आलीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की ती निम्म्याहून लहान होते. पेन ड्राइव्ह सगळ्यात बरा.

दोन पानं जोडताना ४६ एन/१३ चा खालचा समास चौकटीच्या रेषेवर धारदार कटरने कापा, ४६ एन/१४ चा वरचा समास एक सेंटिमीटर ठेवा आणि त्यावर पहिलं पान चढवा. आधी रस्ते जुळवा, मग नाले, चौकट शेवटी. खळ लावू नका, कागद ताणला जातो. पातळ दुतोंडी टेप चालते. लॅमिनेशन जोडून झाल्यावर, एकाच तुकड्यात.