एअर रायफलनंतरची पहिली पॉइंट टू-टू: जुनी लाकडी की नवी ॲल्युमिनियमची?

दहा मीटर एअर रायफलवर दोन-तीन वर्षे घालवलेला नेमबाज ५० मीटरकडे वळला, की घरात एक प्रश्न हमखास निघतो आणि तो रायफलीच्या किमतीमुळे लवकर मिटत नाही: पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरची रायफल, कोणती घ्यायची? कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून नेमबाजी) जागतिक विजेतेपद मिळवले आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन आणि स्टँडिंग म्हणजे उभ्याने) कांस्यपदक मिळवले, त्यामुळे हा खेळ आपल्याकडे आता अनोळखी राहिलेला नाही. मात्र रायफलीची निवड अजूनही बहुधा 'अमुक नेमबाजाकडे कोणती आहे' यावरून होते, आणि माझ्या मते नेमकी तिथेच गल्लत होते.

रायफल घेताना आपण एकाच किमतीत दोन वेगळ्या वस्तू घेत असतो. पहिली म्हणजे बॅरल (नळी) आणि ॲक्शन (गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, बसवून उडवणारी यंत्रणा). गोळी दरवेळी त्याच ठिकाणी जाईल की नाही, हे तिच्यावर ठरते. दुसरी म्हणजे स्टॉक, ज्याला आपण सवयीने नुसते 'बट' म्हणतो; रायफल नेमबाजाच्या अंगाला बसेल की नाही, हे त्याच्यावर ठरते. या दोन्हींची तुलना स्वतंत्रपणे केली, तर महाग आणि स्वस्त यांच्यातला बराचसा गोंधळ आपोआप निवळतो.

अचूकता किती लागते

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीचा ५.६ मिलिमीटर. गोळीची कड रेषेला टेकली तरी दहा गुण मिळतात, म्हणजेच गोळीचे केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकले तरी चालते. दशांश गुणांमध्ये दहाचे वर्तुळही १०.० ते १०.९ असे विभागलेले असते आणि प्रत्येक ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण कमी होतो. कुसाळे यांनी पॅरिसच्या अंतिम फेरीत ४४ शॉट्समध्ये ४५१.४ गुण मिळवले. सरासरी काढली तर प्रत्येक शॉट मध्यापासून सुमारे साडेपाच मिलिमीटरवर पडला असे म्हणता येते, आणि यात नीलिंग आणि स्टँडिंगमधली शरीराची सगळी हालचाल धरलेली आहे.

आता शिकंजात बांधलेली रायफल पाहू. चांगली मॅच रायफल तिला मानवणाऱ्या गोळीने ५० मीटरवर कडेपासून कडेपर्यंत साधारण १६ मिलिमीटरचा ग्रुप (एकाच नेमावरच्या शॉट्सचा पुंजका) देते. अशा ग्रुपमधला सर्वांत वाईट शॉटसुद्धा केंद्रापासून जेमतेम पाच मिलिमीटरवर असतो, त्यामुळे केवळ रायफलीमुळे दहा हुकत नाही. हाच ग्रुप २५ मिलिमीटरचा झाला, की कडेचा शॉट जवळजवळ पावणेदहा मिलिमीटर बाहेर जातो आणि नेमबाजाने काहीही न चुकता नऊ पडतो. या दोन आकड्यांमधले अंतर विकत घेणे, एवढाच बॅरल आणि ॲक्शनच्या निवडीचा अर्थ आहे. १६ मिलिमीटरच्या खाली जाण्यासाठी मोजलेले जादा पैसे पहिल्या काही वर्षांत गुणांमध्ये दिसत नाहीत.

कोणत्या रायफली यादीत घ्याव्यात

एनसीसीत .२२ डीलक्स रायफल चालवलेल्या पालकांना वाटते, की साधी बोल्ट ॲक्शन रायफल सुरुवातीला पुरे. ती रायफल २५ यार्डांवर कॅडेटला शिस्त आणि ग्रुपिंग शिकवण्यासाठी आहे. तिथे ती उत्तम काम करते, पण ५० मीटर थ्री पोझिशनसाठी ती घडवलेली नाही. चेक प्रजासत्ताकातील सीझेड ४५७ किंवा फिनलंडची टिक्का टी१एक्स यांचे बॅरल नाव ठेवण्याजोगे नाही, परंतु त्या मॅगझिन आणि दुर्बीण गृहीत धरून बनवल्या आहेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर प्रकारांत दुर्बीण चालत नाही. डायॉप्टर (बारीक छिद्राची मागची साईट), हूक असलेली बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), हँडस्टॉपची (पुढच्या हाताच्या टेकूची) रेल हे सारे मागाहून बसवण्यात पैसे जातात आणि हाती येणारी रायफल अर्धवटच राहते. या दोन्ही वर्गांना मी यादीतून वगळतो.

उरतात त्या मॅच रायफली, आणि त्यांत आपल्या रेंजवर सर्वाधिक ऐकू येणारे नाव आन्शुट्झ. ही कंपनी जर्मनीतील उल्म शहरातली. गंमत म्हणजे तिची प्रतिस्पर्धी वाल्थरही त्याच शहरातली, आणि दोघींचीही मुळे त्सेला-मेलिस भागात. फाइनवेर्कबाऊ ओबर्नडॉर्फची. ब्लायकर आणि ग्र्यूनिग उंड एल्मिगर या स्विस रायफली अत्युच्च दर्जाच्या आहेत, पण ज्याला पहिली रायफल घ्यायची आहे त्याने त्यांच्याकडे तूर्तास पाहू नये.

आन्शुट्झमध्ये पहिला फरक ॲक्शनचा आहे. १९०३ हे मॉडेल ६४ क्रमांकाच्या ॲक्शनवर उभे आहे, तर १९०७ आणि १९१३ ही मॉडेले ५४ क्रमांकाच्या. १९०३ हलकी आणि स्वस्त आहे. क्लबमधल्या कनिष्ठ मुलांना प्रोन शिकवण्यासाठी तिच्याइतकी सोयीची रायफल थोडी. तथापि तिचा ट्रिगर ५४ इतका तलम नाही आणि स्टॉकमध्ये बदल करण्याची मुभा मर्यादित आहे, त्यामुळे राज्य स्पर्धेच्या पुढे जाऊ लागलेला नेमबाज दोन हंगामांत ती विकायला काढतो. १९०७ आणि १९१३ यांच्यात ॲक्शन एकाच घराण्याची आहे. १९०७ सरळ, हलक्या स्टॉकची, तर १९१३ अंगठ्याच्या भोकाचा जड स्टॉक असलेली. उंच, भारदस्त बांध्याच्या नेमबाजाला स्टँडिंगमध्ये १९१३ चे वजन स्थिरता देते. सडपातळ मुलीला तेच वजन साठ शॉट्सच्या शेवटी कंबरेत जाणवते. नियमांनी वजनाची कमाल मर्यादा ८ किलो ठेवली आहे. ती गाठलीच पाहिजे असे मात्र नाही.

नव्या पिढीत वाल्थर केके ५००, फाइनवेर्कबाऊ २८०० आणि आन्शुट्झच्या ५४.३० ॲक्शनवरच्या ॲल्युमिनियम स्टॉकच्या रायफली येतात. शिकंजात बांधून पाहिले, तर सुस्थितीतली वीस वर्षांपूर्वीची १९१३ आणि यांपैकी कोणतीही रायफल यांचे ग्रुप शेजारी ठेवून कोणते कोणाचे हे ओळखणे अवघड जाते. पॉइंट टू-टूची दारू नळीच्या पहिल्या निम्म्या-अधिक भागातच जळून संपते, त्यामुळे लांब बॅरलने वेग वाढत नाही. म्हणून नव्या रायफलींत अनेकदा आखूड बॅरल आणि पुढे पोकळ नळी लावून साईटचे अंतर राखलेले असते. याचा खरा लाभ तोल आणि ठेवण यांचा आहे.

तरीही नव्या रायफलींचा कैवार घेण्याजोगे एक कारण आहे आणि ते स्टॉकमध्ये आहे. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंगचे प्रत्येकी २० शॉट्स एकूण दीड तासात संपवायचे असतात, आणि पोझिशन बदलण्याचा वेळही त्यातच येतो. ॲल्युमिनियमच्या स्टॉकवर चीकपीस (गालाचा टेकू), बटप्लेट आणि ग्रिप यांना आखलेल्या पट्ट्या असतात. नेमबाज आपला आकडा लावतो आणि रायफल ठरल्या जागी येते. जुन्या लाकडी स्टॉकवर हेच काम पेन्सिलच्या खुणा आणि अंदाज यांवर चालते. शिवाय वाढत्या वयाच्या मुलामुलींचे हात आणि मान दरवर्षी बदलतात. त्यांच्याबरोबर बदलणारा स्टॉक हा चैनीचा भाग मानता येत नाही. एअर रायफलही त्याच कंपनीची असेल, तर ग्रिप आणि गालाची जागा बरीचशी सारखी राहते आणि १० मीटरची सवय ५० मीटरवर फुकट जात नाही.

आपल्या हवामानाचाही विचार करावा. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरते, ॲक्शन बसवलेल्या जागी सूक्ष्म ताण येतो आणि जून-जुलैमध्ये झीरो (साईटची नेमाशी केलेली जुळणी) सरकल्याचा दोष गोळीवर ढकलला जातो. ॲल्युमिनियमला हा त्रास नाही. लॅमिनेटेड लाकडाला तो कमी आहे. नुसत्या लाकडाची रायफल असेल, तर टॉर्कच्या पान्याने स्टॉकचे स्क्रू ठरावीक मापाने आवळणे आणि रायफल कोरड्या पेटीत ठेवणे एवढी शिस्त पाळावी लागते.

गोळीचा हिशेब रायफलीच्या हिशेबात

तुलना करणारे बहुतेक जण इथे थांबतात, पण माझ्या मते निम्मा निर्णय इथून पुढे आहे. मोठ्या बोअरचा नेमबाज काडतूस स्वतः भरून आपल्या बॅरलला हवी तशी गोळी बनवू शकतो. रिमफायरमध्ये प्रायमर काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतो. ते काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसते. जी गोळी कारखान्यातून आली, तीच बॅरलला मानवली पाहिजे. एली टेनेक्स, लापुआ मिडास प्लस, आरडब्ल्यूएस आर ५० ही सारी उत्तम नावे आहेत; परंतु एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये (उत्पादनाच्या खेपांमध्ये) एक लॉट १५ मिलिमीटरचा ग्रुप देतो आणि दुसरा त्याच बॅरलमधून २२ मिलिमीटरचा. म्हणूनच एली आणि लापुआ यांनी नेमबाजाची रायफल शिकंजात बांधून लॉट तपासून देण्याची सोय ठेवली आहे. वेग बहुतेक मॅच गोळ्यांचा ध्वनीच्या वेगाखाली, म्हणजे सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास राखलेला असतो, कारण ध्वनीचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी अस्थिर होते.

भारतात गोळी परवान्यावरच्या मर्यादेत आणि आयातीच्या वेळापत्रकानुसार मिळते, त्यामुळे प्रत्येकाला लॉट निवडणे शक्य नसते. शक्य तेवढे मात्र करावे: क्लबमध्ये आलेल्या दोन-तीन लॉटच्या एकेका पेटीतून दहा-दहा शॉट्सचे चार ग्रुप आधार लावून घ्यावेत आणि जो लॉट जमेल त्याच्या वर्षभराच्या गोळ्या एकदम उचलाव्यात. नव्या रायफलीवर सगळी बचत संपवून मग साध्या गोळीने सराव करणाऱ्यापेक्षा, जुनी ५४ घेऊन उरलेल्या पैशांत जमलेला लॉट साठवणारा नेमबाज पुढच्या स्पर्धेत वरचढ ठरतो, असे मला वाटते.

जुनी रायफल पाहताना

जुनी घ्यायची तर बाहेरची चमक पाहू नये. चेंबरच्या पुढचा भाग, विशेषतः खालची बाजू, बोअरस्कोपने (नळीत घालून आतून पाहण्याच्या दुर्बिणीने) पाहावी. पॉइंट टू-टूची झीज तिथून सुरू होते आणि काचेसारखा कठीण थरही तिथेच जमतो. चेंबरच्या ओठावर फायरिंग पिनची खूण दिसली, तर रायफल वर्षानुवर्षे कोरडी (गोळीविना) मारली गेली आहे असे समजावे. बॅरलच्या टोकाच्या कडेवर ओरखडा नसावा. ट्रिगरची पहिली आणि दुसरी पायरी स्पष्टपणे वेगळी जाणवावी. ५० मीटरमध्ये ट्रिगरच्या किमान वजनाचे बंधन नाही, म्हणून पूर्वीच्या मालकाने तो धोकादायक इतका हलका करून ठेवला आहे का, हेही पाहावे. डायॉप्टरचे क्लिक दोन्ही दिशांना मोजून परत त्याच ठिकाणी येतात का, याची लक्ष्यावर खात्री करावी. डावखुऱ्या नेमबाजाने मात्र जुन्या बाजाराची फार आशा धरू नये. डाव्या हाताची ५४ विक्रीला आली, तर ती रेंजवरच्या फळ्यावर लागण्याआधीच गेलेली असते.

कागदपत्रांचे काम रायफल ठरवण्याआधी सुरू करावे. ठरावीक मर्यादेखालच्या ताकदीची .१७७ एअर रायफल परवान्याविना ठेवता येते. पॉइंट टू-टू हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालचे अग्निशस्त्र आहे, तिला परवाना लागतो आणि परवान्याबाहेरची खरेदी, विक्री किंवा घरी नुसती ठेवणेही गुन्हा ठरतो. क्रीडा परवाना, हस्तांतर आणि आयात यांची सध्याची पद्धत राज्य रायफल संघटनेकडून लेखी समजून घ्यावी. तोवर क्लबची रायफल वापरून नीलिंग आणि प्रोन पक्के करावेत. त्या काळात कोणत्या वजनाची आणि कोणत्या ठेवणीची रायफल अंगाला बसते, हे कळते.

मी कोणाला काय सुचवेन

उंची वाढायची थांबलेल्या आणि जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्या नेमबाजाने सुस्थितीतली १९०७ किंवा १९१३ घ्यावी. सोळा-सतरा वर्षांच्या, राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरलेल्या मुलामुलींसाठी नव्या ॲल्युमिनियम स्टॉकच्या रायफलीचा खर्च समर्थनीय आहे. त्यातही एअर रायफल वाल्थरची असेल तर केके ५००, फाइनवेर्कबाऊची असेल तर २८००, हा क्रम मी उलटा करणार नाही. फक्त प्रोन मारायचे आणि हौसेने मारायचे, तर १९०३ सुद्धा अनेक वर्षे समाधान देईल.

आणि एक मधला मार्ग आहे, जो दुकानदार सहसा सुचवत नाही. ५४ च्या ॲक्शनसाठी ॲल्युमिनियमचे स्टॉक स्वतंत्रपणे मिळतात. जेमिनी आणि एमईसी ही त्यांतली नावे आहेत. चांगल्या बॅरलची जुनी १९०७ आधी घ्यावी, दोन हंगाम तिच्याच लाकडावर खेळावे, लॉट ठरवावा आणि मग पैसे जमतील तेव्हा तेच बॅरल आणि ॲक्शन नव्या स्टॉकमध्ये बसवून घ्यावेत. स्टॉक बदलला की झीरो नव्याने करावा लागतो आणि पोझिशनची मापेही पहिल्यापासून घ्यावी लागतात, म्हणून हे काम स्पर्धांचा हंगाम संपल्यावर हाती घ्यावे.