लग्नातल्या भाषणासाठी कोचिंग घेतलं, खूप उपयोग झाला

ताईच्या लग्नात बोलायचं होतं म्हणून एका ऑनलाइन कोचची तीन सेशन्स घेतली. माझा ड्राफ्ट ९०० शब्दांचा, तिने हिशोबच करून दाखवला की मिनिटाला १३० शब्द धरले तरी सात मिनिटं जातात, मग आठवणींची यादी उडवली आणि एकच प्रसंग ठेवला, मला सायकल शिकवताना ताई सीट सोडून दिल्यावरही "धरलंय धरलंय" ओरडत मागे धावायची तो. ४०० शब्द, तीन मिनिटं, बास! नवरदेवाबद्दल दोन वाक्यं हवीतच हेही तिनेच सांगितलं, मी चक्क विसरले होते. रोज उभं राहून मोठ्याने म्हणायचं, हातात फक्त पाच शब्दांचं कार्ड. माइकची प्रॅक्टिस मात्र घ्यायला हवी होती, माझं पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. पण "धरलंय" म्हटलं आणि ताई रडायलाच लागली.