लाटण्यावर आठ महिने: ११३ किलोमीटरच्या ट्रायथलॉननंतर वापरलेला फोम रोलर

आमच्या घरात या वस्तूला कोणी फोम रोलर म्हणत नाही. माझ्या सासऱ्यांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हाच तिचे नाव ‘लाटणे’ ठेवले आणि तेच पुढे रूढ झाले. व्यायामाने दुखणारे स्नायू त्यावर वजन टाकून रगडायचे, एवढेच तिचे काम. वस्तू साधी आहे: आत कडक प्लास्टिकचा पोकळ नळा, त्याच्यावर गच्च ईव्हीए फोमचे खाचाखोचांचे आवरण, लांबी ३३ सेंटीमीटर, व्यास १४ सेंटीमीटर आणि किंमत १,१५० रुपये. त्याआधी मी ४५० रुपयांचा पांढरा, मऊ, आतून भरीव रोलर आणला होता, परंतु दोन महिन्यांत तो मधोमध दबून उशीसारखा झाला, त्यामुळे त्याच्याविषयी एवढेच पुरे. पुढचे सगळे लेखन दुसऱ्या रोलरविषयी आहे. मी तो नोव्हेंबर २०२४ पासून, मधले थोडे खाडे सोडले तर, रोज वापरते आहे.

घेण्याचे कारण गोव्यातली शर्यत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरून सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये मी भाग घेतला होता. ७०.३ हा आकडा मैलांचा. किलोमीटरमध्ये तो ११३ होतो, म्हणजे समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे. मी राहते त्या बेळगावात समुद्र नाही, त्यामुळे पोहण्याचा सगळा सराव २५ मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या मोजत झाला. सायकल मात्र वेंगुर्ला रस्त्यावर मनसोक्त चालवली. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची आणि शिनोळी असे करत चंदगडच्या बाजूला गेले की एका सकाळीच कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये पायांखालून जातात, आणि परत येईपर्यंत नाष्ट्याची वेळ झालेली असते. साडेसातशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर, गार हवेत केलेला हा सराव गोव्याच्या दमट उष्म्यात कितपत उपयोगी पडेल अशी धास्ती होती. ती खरी ठरली, तरीही साडेआठ तासांच्या मर्यादेत, ७ तास ४१ मिनिटांत मी शर्यत संपवली. बेंगळुरू दक्षिणचे खासदार तेजस्वी सूर्य यांनीही त्याच दिवशी ही शर्यत पूर्ण केली होती, त्यामुळे नंतर महिनाभर गल्लीत मला ‘खासदार पळाले तीच का?’ असे विचारले जात होते. हो, तीच.

परतीच्या प्रवासात मी चोर्ला घाटातून गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून आले. कणकुंबीला चहासाठी उतरले, तेव्हा पाय जमिनीला टेकला पण गुडघा वाकेना. मलप्रभा जिथे उगम पावते त्या गावात मी दार धरून पाच मिनिटे उभी होते आणि चहा गाडीतच आणून द्यावा लागला. घरी आल्यावर जिना चढता येत होता, उतरता मात्र येत नव्हता. मी कठडा धरून पाठमोरी उतरत होते. शर्यतीनंतर चौथ्या दिवशी नरक चतुर्दशी आली. पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नानाला पाटावर बसायचे, तर पाटापर्यंत पोहोचायचे कसे, हाच प्रश्न होता. शेवटी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अभ्यंग झाले. खाली अंगणात मुले मातीचा किल्ला रचत होती आणि मला त्यांच्या मावळ्यांइतकेही वाकता येत नव्हते.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगते, कारण रोलरकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्यावरच ठरते. स्नायू आखडताना जेवढा दुखावतो, त्यापेक्षा ताणला जात असताना भार पेलावा लागला तर जास्त दुखावतो. उतारावर धावताना किंवा दमल्या पायांनी पाऊल टाकताना मांडीचा पुढचा स्नायू नेमके हेच काम करत असतो. त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग सूज येते आणि ठणका लागतो, आणि हा ठणका शर्यत संपल्याबरोबर नव्हे, तर साधारण एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतो. तो लॅक्टिक आम्लामुळे लागतो अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. पण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातले लॅक्टेट पूर्ववत होते. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. माझ्या रोलरच्या खोक्यावर मात्र ‘लॅक्टिक आम्ल बाहेर काढतो’ असे ठळक छापलेले आहे. त्याच्याखाली ‘स्नायूंतील गाठी फोडतो’ असेही आहे. दोन्ही दावे मी आठ महिन्यांच्या वापरानंतर बाजूला ठेवले आहेत.

आता प्रत्यक्ष वापर. पाचव्या दिवशी हॉलमधल्या शहाबादी फरशीवर रोलर ठेवला, त्यावर उजवी पोटरी टेकवली, दोन्ही हात मागे रोवून बूड उचलले, आणि रोलर फरशीवरून सरकून थेट टीव्हीच्या टेबलाला जाऊन धडकला. गुळगुळीत फरशीवर त्याला पकड मिळत नाही, म्हणून तेव्हापासून खाली सतरंजी असते. दुसऱ्या प्रयत्नात घोट्याच्या वरून गुडघ्याच्या खालपर्यंत, सेकंदाला दोन-अडीच सेंटीमीटर अशा संथ गतीने गेले. मधोमध एक जागा अशी आली की डोळ्यांत पाणी तरळले. तिथे थांबले, पाऊल वर-खाली हलवले आणि श्वास सोडत राहिले. अर्ध्या मिनिटात ती कळ दहापैकी आठवरून चारवर आली. पाच मिनिटांनी उठून जिना उतरून पाहिला, तर कठडा धरावा लागला, पण तोंड मात्र पुढे होते. त्या संध्याकाळी माझ्या दृष्टीने ही जादू होती.

जादूचा खुलासा पुढे वाचनातून झाला. एका पायावर रोलर फिरवला तर न फिरवलेल्या दुसऱ्या पायाचीही वेदना सोसण्याची मर्यादा काही काळ वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. याचा अर्थ रोलरचा परिणाम बराचसा मज्जासंस्थेवर होतो. दाब ओळखीचा झाला की मेंदू त्या जागेची तक्रार कमी तीव्रतेने घेतो. सांध्याची हालचाल थोडी मोकळी होते, ताकद कमी होत नाही, आणि हा मोकळेपणा काही मिनिटे, फार तर अर्धा तास टिकतो. फाटलेला तंतू मात्र त्याच्या गतीनेच भरतो.

हे मला आधी कळले असते तर पुढचा प्रमाद टळला असता. रोलरमुळे दुखणे गेले, म्हणजे पाय बरे झाले, असे समजून बाराव्या दिवशी मी येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या रस्त्यावर धावायला गेले. चढ छान झाला. उतरताना दुसऱ्या किलोमीटरला उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचल्यासारखे झाले, आणखी अर्ध्या किलोमीटरनंतर पाऊल टाकणे अशक्य झाले आणि मी भाजीच्या टेम्पोतून घरी आले. मांडीच्या बाहेरून कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा जो जाड पट्टा असतो, त्याचे हे दुखणे होते. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना या पट्ट्याखालच्या भागावर दाब वाढतो, आणि उतारावर नेमका तोच कोन पुन्हा पुन्हा येतो.

मग मी दुसरी चूक केली. त्याच दुखऱ्या पट्ट्यावर दिवसातून तीनदा, दात-ओठ खात रोलर फिरवला, आणि आठवड्याभरात चालतानाही दुखू लागले. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी रोलर हातात घेऊन आमच्या बेळगावी पद्धतीने, अर्धे कन्नड आणि अर्धे मराठी, समजावले की हा पट्टा दोरखंडासारखा असतो, शरीराचे वजन टाकून तो लांब होत नाही. आधीच दुखावलेल्या जागेवर वर्मी दाब देऊन तुम्ही सूज मात्र वाढवत आहात. रोलर फिरवायचाच असेल तर तो नितंबावर आणि कमरेच्या पुढच्या-बाहेरच्या छोट्या स्नायूवर फिरवा, आणि खरी मेहनत नितंबाच्या बाजूच्या स्नायूला बळ देण्यात करा, असे त्यांनी सांगितले. कुशीवर झोपून पाय उचलणे, रबरी पट्टा बांधून आडवे चालणे आणि एका पायावर उभे राहणे, हे कंटाळवाणे व्यायाम मी सहा आठवडे केले आणि त्या काळात एकही पाऊल धावले नाही. डिसेंबरच्या अखेरीला टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत झाडांखाली एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे सुरू केले. मार्चमध्ये सलग १० किलोमीटर झाले.

तेव्हा माझा निष्कर्ष असा की हा रोलर दुखणे सुसह्य करण्याचे साधन म्हणून उत्तम आहे, पण आपण धावायला तयार झालो आहोत की नाही, हे ठरवण्यासाठी तो सर्वस्वी अपात्र आहे. त्यासाठी मी आता वेगळी खूण धरते. रोलर फिरवण्याआधी, सकाळी उठल्याउठल्या, एका पायावर दहा वेळा अर्धे बसून उठता आले आणि जिना कठड्याविना उतरता आला, तरच बूट बाहेर काढायचे. शर्यतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत माझ्या पायांना खरे काय लाभले असेल तर ते भात-आमटी, अंडी, रात्री साडेनऊला झोपणे आणि संध्याकाळी रेंगाळत चालणे. त्यातले काहीच १,१५० रुपयांना मिळत नाही, आणि खोक्यावर छापण्यासारखेही नाही.

रोलरचा एक उपयोग मात्र मी घेताना गृहीत धरला नव्हता. वर्षभर साडेचारचा गजर लावून उठणाऱ्या माणसाला शर्यतीनंतर तो गजर वाजल्यावर करायला काहीच नसते. नोव्हेंबरच्या त्या पहाटे मी उठून बसत असे आणि आता काय, हा प्रश्न समोर उभा राहत असे. धावणे बंद, सायकल बंद, पुढच्या शर्यतीचे नाव काढवत नाही, आणि ज्या दिवसाची एवढी वाट पाहिली तो मागे पडलेला. तेव्हा सतरंजी अंथरून अर्धा तास पायांवर रोलर फिरवणे हे एक काम होते. त्यात पराक्रम काही नव्हता, पण सकाळ रिकामी जात नव्हती.

माझे सासरे, म्हणजे मामा, तरुणपणी तालमीत जात. त्यांच्या मते ही वस्तू म्हणजे रगडणाऱ्या माणसावर काढलेली पळवाट आहे. कुस्तीनंतर जोडीदाराने तेल लावून कोपराने, कधी पायाने पाठ आणि मांड्या रगडायच्या, आणि मग आपण त्याच्या रगडायच्या, असा तिथला शिरस्ता होता. “अगं, लाटण्याला कुठं कळतंय तुला कुठं दुखतंय ते?” असे ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. माणसाचा हात गाठ ओळखतो आणि हाड आले की थांबतो. रोलरवर हे सगळे आपणच सांभाळायचे असते. परंतु पहाटे पाच वाजता तेल घेऊन कोण बसणार आहे? मांडीची मागची बाजू आणि पोटऱ्या यांच्यासाठी माझे काम रोलरने भागते. खांद्यांच्या मध्ये मात्र तो नीट पोहोचत नाही आणि कमरेच्या मणक्यावर तो मी कधीच ठेवत नाही.

गुडघ्याच्या मागच्या खळग्यावर, हाडावर आणि फुगलेल्या शिरांवर तो फिरवू नये. शर्यतीनंतर एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे रोलर लावणे धोक्याचे आहे. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत असेल तर स्नायू फार मोठ्या प्रमाणावर मोडल्याचे ते लक्षण असू शकते. या दोन्ही वेळी थेट दवाखाना गाठावा.

टिकाऊपणाबद्दल माझी थोडी नाराजी आहे. आठ महिन्यांत फोम दबलेला नाही, ही जमेची बाजू. परंतु आमच्याकडचा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे या फोमच्या खाचा कशा सुटतील? दुसऱ्याच आठवड्यात कुबट वास येऊ लागला. साबणाच्या पाण्यात फडके पिळून पुसणे आणि पंख्याखाली वाळवणे, हे आठवड्यातून दोनदा करावे लागते. उन्हात ठेवला तर फोम कडक होऊन चिरतो, असे दुकानदारानेच सांगितले होते. त्याच सुमारास एका टोकाला फोम नळ्यापासून सुटून फिरू लागला. दुकानात घेऊन गेले, तर सहा महिने उलटले म्हणून बदलून मिळणार नाही, असे उत्तर आले. पुन्हा घ्यायचा झाला तर मी ४५ सेंटीमीटरचा घेईन, कारण ३३ सेंटीमीटरवर दोन्ही मांड्या एकदम मावत नाहीत आणि पाठीसाठी तो फारच अपुरा पडतो.

सध्या तरी नवीन घेण्याची गरज नाही. सुटलेला फोम मामांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला, त्याने ट्यूबला लावायचे सोल्यूशन आत सोडून सुतळीने रात्रभर आवळून ठेवला, आणि वीस रुपये घेतले. तीन आठवडे झाले, अजून सुटलेला नाही. फक्त पोटरीखाली घेतला की रबराचा वास येतो.