‘साठ’ की ‘आठ’? कॉक्लिअर इम्प्लांट असणाऱ्यांसाठी फोनची पारख

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं उपकरण, त्याला बाहेरचा आवाज पोचवतो तो कानामागे किंवा डोक्यावर लावायचा प्रोसेसर. फोनवर समोरच्याने ‘साठ’ म्हटलं आणि इम्प्लांटवाल्याला ‘आठ’ ऐकू आलं, तर घरचे लगेच मॅपिंगला, म्हणजे त्या माणसापुरत्या केलेल्या प्रोसेसरच्या जुळणीला, दोष देतात. बऱ्याचदा चूक फोनकडे असते. ‘स’ या आवाजाचा मोठा भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो आणि जुन्या पद्धतीचा साधा कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो. ‘साठ’मधला ‘स’ वाटेतच गळतो, हातात उरतो ‘आठ’. व्होल्टेवरचा, म्हणजे ४जी नेटवर्कवरून जाणारा, एचडी कॉल ७००० हर्ट्झपर्यंत जातो, त्यात हाच ‘स’ शाबूत पोचतो. म्हणून इम्प्लांटसाठी फोन बघताना कॅमेरा, रॅम, फोनची चिप हे सगळं मागच्या बाकावर. पहिला प्रश्न एकच: आवाज इम्प्लांटच्या प्रोसेसरपर्यंत कोणत्या वाटेने जाणार?

ती वाट फोन ठरवत नाही, कानामागचा प्रोसेसर ठरवतो. दुकानात शिरण्याआधी त्याचं पूर्ण नाव आणि मॉडेल चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘कॉक्लिअरचा आहे’ एवढं सांगून भागत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

कॉक्लिअर कंपनीचे न्यूक्लिअस ७, न्यूक्लिअस ८ आणि कान्सो २ हे आयफोनला मधलं कुठलंही उपकरण न लावता जोडले जातात. अँड्रॉइडलाही जोडले जातात, पण त्या फोनमध्ये श्रवणयंत्रांसाठीचा खास ब्लूटूथ प्रोटोकॉल असला तरच. गूगलने तो अँड्रॉइड १० पासून आणला. त्याचं लघुरूप ‘आशा’ असं होतं आणि स्वस्त फोनांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे, आशेवरच राहावं लागतं. न्यूक्लिअस ७ जुना असेल तर अँड्रॉइडशी थेट जोडण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यावं लागू शकतं. फोन घ्यायच्या आधी हे विचारा, नंतर नको. मेड-एल कंपनीच्या सोनेट २ ला थेट स्ट्रीमिंगसाठी, म्हणजे फोनचा आवाज सरळ प्रोसेसरमध्ये येण्यासाठी, ऑडिओस्ट्रीम नावाचा वेगळा भाग बसवावा लागतो. तो बसवल्यावर त्यालाही आयफोन किंवा ‘आशा’वाला अँड्रॉइडच हवा.

ॲडव्हान्स्ड बायोनिक्स कंपनीचा नायडा सीआय एम मात्र वेगळ्या जातीचा. तो गाडीतल्या म्युझिक सिस्टिमसारखा नेहमीच्या ब्लूटूथवर चालतो. त्यामुळे दहा-बारा हजारांचा फोनही त्याला पुरतो. शिवाय आपला आवाज प्रोसेसरचेच माइक उचलतात, म्हणजे फोन खिशात ठेवून बोलता येतं. हा प्रोसेसर असेल आणि कुणी ‘इम्प्लांटला आयफोनच लागतो’ म्हणत असेल, तर नम्रपणे दुकान बदला.

प्रोसेसर या सगळ्यांहून जुना असेल, म्हणजे न्यूक्लिअस ६ किंवा नायडा क्यू मालिकेतला, तर फोनवर पैसे ओतण्यात अर्थ नाही. न्यूक्लिअस ६ साठी फोन क्लिप, नायडा क्यूसाठी कॉमपायलट असे मधले स्ट्रीमर असतात. ते फोनशी साध्या ब्लूटूथवर बोलतात, त्यामुळे घरात असलेलाच फोन चालतो. मेड-एलच्या रोंडो ३ ला ऑडिओलिंक आहे. खर्च करायचाच तर तो इथे.

आता फोनांकडे. थेट जोडणीवाल्या प्रोसेसरसाठी आमची पहिली पसंती आयफोनलाच, आणि ती ब्रँडच्या प्रेमापोटी नाही. श्रवणयंत्रांची जोडणी आयफोनच्या सिस्टिममध्येच मुरलेली आहे, मॉडेल बदललं तरी वागणूक बदलत नाही. नवाकोरा हवा असंही नाही, अपडेट मिळत असलेला एक-दोन पिढ्या जुना चालतो. फोनवरच्या आवाजाबरोबर आपला आवाजही प्रोसेसरनेच पाठवावा, असं दुहेरी संभाषण हवं असेल तर आयफोन ११ किंवा त्यानंतरचा लागतो. पण त्यासाठी प्रोसेसरलाही ते जमायला हवं, हे विसरू नका.

अँड्रॉइडमध्ये गूगल पिक्सेल सगळ्यात निर्धोक, कारण ‘आशा’ पहिल्यांदा तिथेच आली. सॅमसंगची एस मालिका त्यानंतर. सॅमसंगबाबत एक पथ्य पाळा: एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या चिपसह विकला गेला आहे. इम्प्लांट कंपनीच्या सुसंगत फोनांच्या यादीत नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या पानावरचा मॉडेल नंबर आणि अँड्रॉइडची आवृत्ती, दोन्ही यादीशी ताडून बघा.

रेडमी, रिअलमी, विवो, ओप्पोच्या बजेट फोनांत ‘आशा’ आहे असं गृहीत धरू नका. खोक्यावरचा ‘ब्लूटूथ ५.३’ इथे काहीच सांगत नाही. तो आकडा आवृत्तीचा आहे, श्रवणयंत्राच्या सोयीचा नाही. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पुढच्या पिढीची पद्धत, एलई ऑडिओ, तिचंही तसंच. तिच्यासाठी ब्लूटूथ ५.२ लागतं, पण ५.२ असलं की एलई ऑडिओ असतोच असं नाही, ते फोन बनवणाऱ्याच्या मर्जीवर असतं. दुकानातच सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मग ‘हिअरिंग डिव्हायसेस’ किंवा ‘श्रवण उपकरणं’ असा पर्याय शोधा. सापडला नाही तर तो फोन तिथेच ठेवा.

पुण्यात चाचणी कुठे करायची? मोठ्या शोरूममध्ये टेबलावर मांडलेले डेमो फोन बहुधा सिमशिवाय असतात आणि डेमो मोडमध्ये काही सेटिंग्ज कुलूपबंद असतात. लक्ष्मी रोड किंवा बुधवार पेठेतल्या लहान दुकानात सील तोडल्यावर फोन परत घेत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: प्रोसेसर जोडून बघू द्याल का, आणि जोडला गेला नाही तर काय. ओळखीत तेच मॉडेल वापरणारं कुणी असेल तर त्यांच्याच फोनवर पाच मिनिटं जोडून बघणं सगळ्यात उत्तम. रविवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवर जाऊन ऐकण्याची चाचणी घेऊ नका. शनिवारी-रविवारी सोडून सकाळी अकराच्या सुमाराला जा.

जोडताना प्रोसेसर आधी बंद करून पुन्हा चालू करा. प्रोसेसर चालू केल्यावर पेअरिंगची, म्हणजे जोडणीची, संधी थोडाच वेळ असते. सेल्समनने मधेच पाणी विचारलं तर ती संधी जाते आणि मग ‘तुमचं यंत्र दिसत नाहीये’ हा निष्कर्ष निघतो. दोन्ही कानांना इम्प्लांट असेल तर दोन्ही प्रोसेसर एकदमच चालू करा. आयफोनमध्ये हे ब्लूटूथच्या नेहमीच्या यादीतून करायचं नाही, ॲक्सेसिबिलिटीतल्या ‘हिअरिंग डिव्हायसेस’मधून करायचं. बऱ्याच तक्रारी चुकीच्या यादीत शोधल्यामुळे असतात.

मग यूट्यूबवर गाणं लावून ‘वा, मस्त’ म्हणू नका. गाणं चाललं म्हणजे कॉल चालेल असं नाही. स्वतःचं सिम घाला आणि घरच्या माणसाला खरा कॉल करायला सांगा. त्याने पेठांची नावं उलटसुलट क्रमाने वाचायची: शनिवार, रविवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सोमवार. सगळ्यांचा शेवट ‘वार’च, फरक फक्त सुरुवातीला. पाठोपाठ आकडे: साठ, आठ, सात, पंचवीस, पस्तीस, एकोणसाठ, एकोणसत्तर. ऐकणाऱ्याने ते कागदावर लिहायचे, तोंडी ‘हो, कळलं’ चालणार नाही. ओठ दिसू नयेत म्हणून साधाच कॉल, व्हिडिओ नको. हाच कॉल नंतर व्हॉट्सॲपवर करा, कारण त्याचा आवाज वेगळ्या वाटेने जातो. काही फोनांवर साधा कॉल प्रोसेसरमध्ये येतो आणि व्हॉट्सॲपचा मात्र फोनच्या इअरपीसमध्येच राहतो. कॉलच्या पडद्यावर स्पीकरचं चिन्ह दाबून तिथून प्रोसेसर निवडता येतो का, ते तिथेच बघा.

आणखी एक गोष्ट सेल्समन सांगणार नाही, कारण त्यालाच माहीत नसते. ‘आशा’वर आवाज फक्त एका दिशेने जातो, फोनकडून कानाकडे. आपलं बोलणं फोनच्या माइकमधूनच जातं. फोन पर्समध्ये ठेवून बोलणाऱ्यांना समोरून ‘आवाज येत नाहीये’ ऐकावं लागतं ते यामुळे. फोन हातात, तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा.

स्ट्रीमिंग न वापरता फोन कानालाच लावायची सवय असेल, तर तो कुठे धरायचा हेही शिकावं लागतं. कानामागच्या प्रोसेसरचा माइक कानाच्या वरच्या कडेला असतो, इअरपीस तिथे न्यायचा. कान्सो किंवा रोंडोसारखा डोक्यावर चिकटणारा असेल तर आणखी मागे, थेट त्याच्यावर. दिसायला विचित्र दिसतं, पण ऐकू तिथेच येतं. प्रोसेसरमध्ये टेलिकॉइल, म्हणजे फोनचा आवाज चुंबकीय लहरींवरून पकडणारं वेटोळं, असेल तर फोन एकेक सेंटीमीटर सरकवत आवाज जिथे भरून येतो ती जागा पकडा. टेलिकॉइल चालू ठेवून इंडक्शन शेगडीजवळ उभं राहिलात तर घूंऽऽ असा आवाज येणारच, तो बिघाड नाही.

अमेरिकेत फोनला श्रवणयंत्राशी सुसंगतीचे एम आणि टी असे दर्जे असत, एम ४ आणि टी ४ सर्वांत चांगले. २०१९ च्या सुधारित मानकाने ती पद्धत बदलली. आपल्याकडच्या खोक्यावर ते शोधत बसू नका.

फोन घरी आला की पहिल्या संध्याकाळी ही कामं उरका. मोनो ऑडिओ चालू करा. इम्प्लांट एकाच कानाला असेल तर स्टिरिओतली दुसऱ्या बाजूची वाद्यं आणि संवाद नाहीतर हरवतात. आयफोनवर ‘हिअरिंग डिव्हायसेस’मधल्या ऑडिओ राउटिंगमध्ये कॉलचा आवाज नेहमी प्रोसेसरकडेच जाईल असं निवडा, म्हणजे प्रत्येक कॉलला बटण शोधावं लागणार नाही. इम्प्लांट कंपनीच्या ॲपला अँड्रॉइडवर बॅटरीचं बंधन काढून टाका आणि ऑटोस्टार्टची परवानगी द्या. शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनांत सिस्टिम पाठीमागची ॲप्स मारून टाकते, मग ‘दर तासाला जोडणी तुटते’ अशी तक्रार घेऊन लोक क्लिनिकला खेटे घालतात.

टर्रर्र असा आवाज कॉलमध्ये येत असेल तर त्याचं मूळ २जी आहे. २जीवर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके दिल्यासारखा प्रक्षेपण करतो आणि ते ठोके प्रोसेसर किंवा टेलिकॉइलमध्ये उमटतात. जिओला २जीच नाही, त्यामुळे तिथे हा त्रास उद्भवत नाही. एअरटेल आणि व्हीआयवर ४जीची रेंज पडली की कॉल २जीवर घसरतो, वाड्यांच्या जाड भिंतींआड किंवा ताम्हिणीसारख्या घाटात तर हमखास. पिक्सेल आणि सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत सिमच्या सेटिंग्जमध्ये २जी बंद करायची सोय आहे, तिथून २जी बंद ठेवा. घरात रेंज कमी असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. दोन्ही टोकांना एचडी कॉल असेल तरच ‘साठ’ हा ‘साठ’ राहतो. दवाखान्याच्या किंवा बँकेच्या लँडलाइनवर बोलताना आकडे पुन्हा म्हणून खात्री करून घ्यायला लाजू नका.

स्ट्रीमिंगने प्रोसेसरची बॅटरी भराभर उतरते. ६७५ नंबरचे डिस्पोजेबल सेल असतील तर ‘इम्प्लांट’ लिहिलेलेच घ्या. साध्या श्रवणयंत्राचे ६७५ बसतात, पण स्ट्रीमिंगचा भार आला की मधेच मान टाकतात. आसपासचा आवाज आणि फोनचा आवाज किती प्रमाणात मिसळायचा हे ऑडिओलॉजिस्ट ठरवून देतो. रिक्षात किंवा पीएमपीच्या बसमध्ये फोन ऐकूच येत नाही म्हणणाऱ्यांनी आवाज वाढवण्याआधी हे प्रमाण बदलून घ्यावं.

रात्री प्रोसेसर काढून ठेवल्यावर फोन हाच पहारेकरी असतो, त्यामुळे व्हायब्रेशन दुकानातच तपासा. फोन लाकडी टेबलावर ठेवून नव्हे, टेबल कुठलाही फोन थरथरवतो. रुमालाच्या घडीखाली ठेवून त्यावर हात ठेवा. अँड्रॉइड १४ पासून कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि पडदा दोन्ही लुकलुकवता येतात, आयफोनमध्ये फ्लॅशची सोय आधीपासून आहे. दारावरची बेल ओळखून कळवण्याची सोय दोन्हीकडे आहे. आयफोनला घरातल्या उपकरणांचे आवाज शिकवताही येतात, पण कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं काम त्याच्यावर सोपवू नका. मराठी बोलणं पडद्यावर उमटवायला गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब अँड्रॉइडवर आहे. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल तर कामाचं, लग्नाच्या हॉलमध्ये निरुपयोगी.

चुंबक असलेलं फ्लिप कव्हर घेऊ नका, ते प्रोसेसरच्या डोक्यावर चिकटणाऱ्या कॉइलच्या चुंबकाला धरतं आणि फोन कानाशी नेला की कॉइल निसटून खाली पडते.

सगळं व्यवस्थित जुळल्यावर जुन्या फोनच्या यादीतून प्रोसेसर ‘फर्गेट’ करा. नाहीतर कपाटात ब्लूटूथ चालू असलेला जुना फोन प्रोसेसर आपल्याकडे ओढत राहतो आणि नवीन फोनवर कॉल आला की कानात शांतता.